टॉपवर धरलेली गाडी

उकंडा मेश्राम गाडी कानानं चालवायचा, आणि त्याला धड कान एकच होता. उजवा कान बोरटेकडीच्या बाबारावनं घेतला होता.

ते शेहेचाळीस सालचं. लढाई संपली आणि फौजेत पाच वर्षं जीप अन् ट्रक हाकून उकंडा आसामकडून परत आला. अंगावर खाकी, पायात फौजी बूट. त्याची धाकटी बहीण पंचफुला राळेगावपासून चार मैलांवर बोरटेकडीला दिलेली होती. तिला भेटायला तो बुटांसकट गावाच्या मधल्या गल्लीतून चालत गेला. बाबाराव ओट्यावर बसला होता. दीडशे एकर जमीन, गावात शब्द त्याचाच. त्यानं गड्यांकडे नुसतं पाहिलं. चौघांनी उकंडाला खाली पाडलं, त्याचेच बूट काढले आणि नाल मारलेल्या टाचेनं त्याच्या कानशिलावर हाणत राहिले. आठ दिवस कानातून पू गेला. मग तो कान कायमचा मिटला.

त्यानंतर उकंडा बोरटेकडीत पाय टाकत नसे. बहिणीला राळेगावच्या बाजारात भेटे. ती विचारी, "काहून येत नाई घरी?" तो म्हणे, गाडीचं काम असतं.

काम होतंच. यवतमाळच्या डॉक्टर नीळकंठ पांढरीपांड्यांकडे तो ड्रायव्हर होता. डॉक्टरांच्या घरात तीन पिढ्या कचेरीची नोकरी, सोवळंओवळं कडक. उकंडाची कपबशी मागच्या पडवीत, कोनाड्यात वेगळी ठेवलेली असे. पण गाडी गावाबाहेर पडली की डॉक्टर थर्मासच्या एकाच झाकणातून आधी आपण चहा पीत, मग त्याच झाकणात उकंडाला ओतून देत. 

गाडी म्हणजे एक जुनी, छोटी इंग्लिश मोटर. चार गिअर, इंजिन शिवणयंत्राएवढं. डॉक्टरांना जिल्हाभर फिरावं लागे. कधी राजूरच्या कोळसा खाणीत, कधी मुकुटबनकडे, महिन्यातून एकदा नागपूरला. सपाट सडकेवर टॉपला, म्हणजे चौथ्या गिअरला, टाकून तीस-पस्तीस मैलांचा वेग धरला की इंजिन असं किंचाळायचं, जणू कोणी त्याचा गळा आवळतोय. डॉक्टर म्हणत, जुनी झाली बिचारी. उकंडाला ते पटत नव्हतं. त्याचा एकच कान त्याला सांगत होता की इंजिन निरोगी आहे, पण त्याला गरजेपेक्षा जास्त पळवलं जातंय.

यवतमाळला पूनमसिंग राठोडचं गॅरेज होतं. पूनमसिंग बंजारा, तांड्यावरून येऊन लोखंडात रमलेला माणूस. दोघांनी मिळून गाडीच्या मागच्या धुरेतला गोळा उघडला. आत दोन दातेरी चाकं असतात. इंजिनाकडून येणारं लहान आणि चाकांना फिरवणारं मोठं. उकंडानं खडूनं खूण करत दाते मोजले. लहानाला आठ, मोठ्याला त्रेचाळीस. म्हणजे चाकाचा एक फेरा व्हायला टॉपमध्येसुद्धा इंजिनाला पाचावर फेरे मारावे लागत. इंग्लंडच्या चढउतारांसाठी ते ठीक असेल. वऱ्हाडच्या सरळ सडकेवर तो नुसता छळ होता. पूनमसिंगच्या भंगारात त्याच जातीच्या पुढच्या सालातल्या, मोडलेल्या एका मोटरीची जोडी पडली होती. तिचे दाते नऊ आणि अडतीस. तिच्यावर इंजिनाला चार फेऱ्यांच्या थोडं वर जावं लागणार होतं.

पूनमसिंगनं बजावलं, "सपाटीवर मक्खन चालंन पाह्य. पन चढावर टॉप तुले धोका देईन. तिथं तिसरा टाकाच लागंन, अन् तो बी रडंन."

उकंडानं डॉक्टरांना समजावलं, डॉक्टरांनी दोन दिवस विचार करून मान हलवली, आणि सत्तावन्नच्या पावसाळ्यात जोडी बसली. पहिल्याच दिवशी नागपूर सडकेवर टॉप पडला आणि गाडीनं श्वास सोडल्यासारखं झालं. इंजिन खाली कुठंतरी गुणगुणत होतं, मैलाचे दगड मात्र भराभर मागं जात होते. वेगाचा काटा आता खोटं सांगू लागला होता. तो पस्तीस दाखवी तेव्हा गाडी खरी पंचेचाळीसला असे. उकंडानं ते घड्याळ आणि मैलाचे दगड लावून ताडून पाहिलं होतं. डॉक्टर मागच्या सीटवर झोपी गेले. गाडीत डॉक्टर झोपल्याची ती पहिलीच वेळ.

आदल्या वर्षी, छप्पन्नच्या ऑक्टोबरात, उकंडा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला होता. बोरटेकडीहून पंचफुला आणि तिचा नवरा सूर्यभानही गेले होते. परत आल्यावर सूर्यभाननं घरातले देव नदीत सोडले. मेलेली ढोरं ओढायची नाहीत, वाजंत्री वाजवायची नाही, असं वस्तीतल्या बावीस घरांनी ठरवलं. वर्षभर गावानं दात खाल्ले. विहिरीच्या वाटेवर काटे पडले. वस्तीतल्या म्हाताऱ्या हंसाबाईची शेळी कोणीतरी पाय तोडून दारात टाकली.

अठ्ठावन्नच्या एप्रिलमध्ये बाबारावचा बैल मेला. बोलावणं आलं, सूर्यभान गेला नाही, दुसरं कोणी गेलं नाही. दोन दिवस बैल गोठ्यामागं फुगत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी वास बाबारावच्या जेवणघरात शिरला आणि दुपारी बारा वाजता पंचवीस-तीस माणसं कुऱ्हाडी आणि काठ्या घेऊन वस्तीत शिरली.

त्या दिवशी डॉक्टर राळेगावातच होते. एका कारकुनाच्या बायकोचं बाळंतपण अडलं होतं. उकंडा बाहेर कडुनिंबाखाली गाडी पुसत होता. वस्तीतला एक माणूस सायकलवरून आला, उतरला कसला, कोसळलाच. त्याच्या डोक्यातून रक्त डोळ्यात उतरत होतं. तो एवढंच म्हणाला की घरं पेटवली, सूर्यभानला तोडलं, अजून जिवंत आहे.

उकंडा आत गेला. डॉक्टर कोपरापर्यंत रक्तात होते. त्यानं दारातूनच सांगितलं. डॉक्टरांनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात काय काय होतं ते उकंडाला कळलं. गाडी होती, बाबारावशी असलेली ओळख होती, अर्ध्या तालुक्यातले रोगी होते. मग डॉक्टर म्हणाले, "मला इथून हलता येत नाही. तू गाडी घेऊन जा. माणूस जिवंत असेल तर थेट यवतमाळला ने, माझ्यासाठी थांबू नको. जखम कापडानं घट्ट दाबून धरायला सांग. सोडायची नाही."

बैलगाडीच्या वाटेनं चार मैल. धूर दोन मैलांवरूनच दिसत होता.

वस्तीच्या तोंडाशी उकंडानं गाडी वळवून उभी केली, तोंड परतीच्या दिशेला. इंजिन चालूच ठेवलं आणि सीटखालचं, इंजिन फिरवून सुरू करायचं लोखंडी हँडल हातात घेऊन उतरला. पहिल्या रांगेतली सगळी घरं जळत होती. हंसाबाई उकिरड्यावर पालथी पडली होती, तिच्या पाठीवर काठीचे वळ उठले होते, आणि ती हातानं मातीत काहीतरी चाचपत होती. दोन पोरगे एका माणसाला बांधाकडे फरफटत नेत होते. पंचफुला आपल्या दारात बसली होती. तिचा डावा हात मनगटापाशी भलत्याच दिशेला वळला होता. उजव्या हातानं तिनं लुगड्याचा बोळा नवऱ्याच्या मांडीत कोंबून धरला होता. कुऱ्हाड मांडीत हाडापर्यंत गेली होती.

उकंडा खाली वाकला तसा एक जण कुऱ्हाड उचलून त्याच्यावर आला. उकंडानं हँडल फिरवलं. कोपराचं हाड मोडल्याचा आवाज त्याच्या डाव्या कानानं स्पष्ट ऐकला. माणूस किंचाळत खाली बसला. दुसरा थबकला, तेवढ्यात उकंडानं सूर्यभानला पाठीवर घेतलं. गाडीपर्यंत साठ-सत्तर पावलं होती. दगड येत होते. एक पाठीत बसला, एकानं समोरची काच फुटली. पंचफुला मागं बसली, नवऱ्याचं डोकं मांडीवर, बोळा तसाच दाबलेला. एक माणूस बॉनेटवर हात ठेवून वाट अडवायला उभा राहिला. उकंडानं पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडला. माणूस बाजूला उडाला. तो बाजूला झाला नसता तरी उकंडा थांबला नसता. हे त्यानं पुढं स्वतःशी कबूल केलं होतं.

राळेगावच्या सडकेला लागताना त्यानं आरशात पाहिलं. धुळीच्या लोटात बाबारावची जीप होती.

ती जीप फौजेतून लिलावात निघालेली. उकंडानं तशा जीपा पाच वर्षं हाकल्या होत्या, तिची आतडी त्याला पाठ होती. तीन गिअर, तिन्ही ठेंगणे. चिखलात, चढावर ती बकरीसारखी चढते. पण सपाट सडकेवर चाळीसच्या पुढं तिचं इंजिन फाटायला येतं. राळेगाव ते कळंब चौदा मैल, सडक खडीची पण सपाट. उकंडानं टॉप टाकला आणि काटा पस्तीसवर धरला, म्हणजे खरा वेग पंचेचाळीस.

टॉपमध्ये धरायचं आणखी एक कारण होतं. गिअर खालीवर केला की गाडी हिसका देते, आणि हिसका बसला की मागं सूर्यभान कण्हायचा, बोळ्यातून रक्त उसळायचं. म्हणून उकंडा खड्डा दिसला तरी ब्रेक मारत नव्हता. आधीच पाय उचलून गाडी अलगद सोडायचा, पुन्हा अलगद उचलायचा. पंचफुला एका सुरात सांगत होती, "दादा, मागं हाये. दादा, दूर राह्यला. दादा, दिसत नाई आता." फुटक्या काचेतून वारा आणि धूळ डोळ्यात येत होती. कळंब येईपर्यंत जीप दोन मैल मागं पडली.

कळंबला पोलीस ठाणं होतं. पण ठाण्यात जखमा शिवत नाहीत. उकंडा थांबला नाही.

कळंबच्या पुढं डांबरी सडक लागते, पण यवतमाळ उंचावर आहे. चढ सुरू झाला आणि पूनमसिंगचे शब्द खरे ठरले. टॉपमध्ये गाडीचा दम तुटला, इंजिन ठोके देऊ लागलं. उकंडानं तिसरा टाकला. हिसका बसलाच, मागून सूर्यभान गुरासारखा ओरडला. तिसऱ्यातही गाडी वीसच्या वर जाईना. पाणी उकळून बॉनेटच्या फटीतून वाफ येऊ लागली. सपाटीवर कमावलेलं सगळं अंतर चढ एकेक मैलानं परत घेत होता. पंचफुलाचा सूर बदलला. "दादा, दिसली. दादा, जवळ आली."

मग मागून धडक बसली. जीपच्या जाड लोखंडी बंपरनं गाडीची डिकी आत घेतली. दुसऱ्या धडकेला मागची काच पंचफुलाच्या मानेवर फुटली. उकंडानं दुसरा टाकला. इंजिन रडत होतं. जीप उजवीकडून बाजूला येत होती, पण त्या बाजूचा कान मेलेला, त्याला काही ऐकूच आलं नाही. पंचफुला ओरडली, "उजवीकडं."

त्यानं मान वळवली. हातभर अंतरावर बाबाराव जीपच्या डाव्या बाजूच्या स्टिअरिंगवर वाकलेला, तोंड घामानं काळं पडलेलं. त्याच्या मागं पुतण्या पंजाबराव अर्धा उभा, हातात कुऱ्हाड, खिडकीच्या चौकटीवर घाव घालत होता. पहिला घाव पत्र्यात रुतला. दुसरा उकंडाच्या खांद्याचं मांस सोलून गेला. जीपच्या उजव्या हाताला सडकेची कड, कडेखाली तीस हात खोल नाला.

उकंडानं स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे ओढलं.

छोटी गाडी जीपच्या पुढच्या चाकावर जाऊन बसली. पत्रा फाटला. जीपचं बाहेरचं चाक कडेवरून सुटलं, ती एक क्षण तिथंच लटकल्यासारखी झाली आणि मग दिसेनाशी झाली. खालून दोन आवाज आले, एक दगडाचा, एक लोखंडाचा.

उकंडाची गाडी कडेच्या दगडाला अडून थांबली. तो हँडल घेऊन उतरला आणि नाल्यात गेला. जीप उलटी पडली होती, चाकं अजून फिरत होती. बाबाराव स्टिअरिंगखाली छातीपर्यंत दबलेला, तोंडातून रक्ताचे बुडबुडे येत होते. पंजाबराव दोन हातांवर सरपटत होता. त्याचा एक पाय मागं नुसता ओढला जात होता. त्यानं वर पाहिलं. उकंडानं हँडल डोक्यावर उचललं. त्याला आठवलं, तेव्हा गल्लीत त्यानंही असंच खालून वर पाहिलं होतं. त्यामुळं हात थांबला नाही. उलट अजून वर गेला.

वरून पंचफुलाची हाक आली, "दादा, हा थंड पडून राह्यला. चाल."

त्यानं हँडल तिथंच टाकलं आणि चढून आला.

उरलेले आठ मैल गाडी कशी आली ते त्याला कधीच नीट सांगता आलं नाही. सरकारी दवाखान्याच्या दारात त्यानं सूर्यभानला उतरवलं आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "कळंबच्या चढावर जीप पडली हाये. दोन मानसं हायेत खाली. कोनी धाडा." दवाखान्यानं ताबडतोब गाडी पाठवली. बाबाराव वाटेत गेला. पंजाबराव वाचला. आणि पोलीस उकंडाकडे आले ते त्याच्याच तोंडच्या बोलण्यावरून.

खटला यवतमाळला सेशनमध्ये वर्षभर चालला. वस्ती जाळणाऱ्यांपैकी तिघांवर गुन्हा शाबीत होऊन सहा-सहा महिने मिळाले. उकंडावर खुनाचा आरोप होता. सरकारी वकिलानं एकच मुद्दा लावून धरला. सपाटीवर जीपला दोन मैल मागं टाकणारी मोटर चढावर तिच्या हाती लागते कशी? आरोपीनं मुद्दाम वेग कमी केला, जीपला कडेशी येऊ दिलं आणि ढकललं. ऐकताना उकंडाच्या अंगावर काटा आला. इतकं ते पटण्यासारखं होतं.

बचावासाठी पूनमसिंग पोत्यात दोन्ही जोड्या घेऊन कोर्टात आला. जुनी आणि डॉक्टरांच्या मोडक्या गाडीतून काढून आणलेली नवी. त्यानं न्यायाधीशांना सांगितलं की सपाटीवर ज्या दात्यांनी गाडी पळते, त्याच दात्यांनी ती चढावर मरते, दोन्ही एकाच मापात मिळत नाही. न्यायाधीशांनी टाकाच्या टोकानं स्वतः दाते मोजले. डॉक्टर पांढरीपांडे साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, "गाडी मी दिली. जखमी आणायला दिली. उद्या असंच झालं तर पुन्हा देईन." त्यानंतर राळेगावकडून त्यांच्याकडे येणारे रोगी जवळजवळ बंद झाले. दोन वर्षांनी त्यांनी त्या बाजूचे दौरेच सोडले.

मुद्दाम वेग कमी केल्याचा आरोप टिकला नाही. उरला प्रश्न स्टिअरिंगचा. उकंडाच्या वकिलानं त्याला शिकवून ठेवलं होतं की खांद्यावर घाव बसला, हात सुटला, गाडी आपोआप वळली, एवढंच म्हणायचं. न्यायाधीशांनी विचारलं. उकंडानं कठड्यावर दोन्ही हात ठेवले.

"मीच वळवलं," तो म्हणाला. "सुटलं नाई. वळवलं."

वकिलानं कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी विचारलं, का? उकंडा म्हणाला, मागं माणूस मरत होता. ते खरं होतं. पण ते पूर्ण होतं का, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ओढताना त्याच्या डोळ्यांपुढं सूर्यभान होता की मधल्या गल्लीतला ओटा, हे त्याला कोणी विचारलं नाही. निकाल लागला. बचावाचा हक्क होता, पण आरोपी त्याच्या पलीकडे गेला. दोन वर्षं सक्तमजुरी.

सूर्यभान जगला. पाय गुडघ्यातून वाकेना, पण जगला. पंचफुलाचं मनगट वाकडंच जोडलं गेलं. दोघं बोरटेकडी सोडून राजूरला गेले. तिथं खाणीत वस्तीतली आणखी सात घरं आली होती. सूर्यभान खाणीच्या गोदामात राखणीला लागला. एकसष्ट साली उकंडा सुटला तोही तिथंच गेला. डॉक्टरांनी पत्र पाठवलं होतं, नवी गाडी घेतलीय, ये. उकंडानं उलट उत्तर लिहवून घेतलं की तब्येत बरी नाही.

राजूरला त्याला कोळशाच्या ट्रकवर घेतलं. दीड महिना ठीक गेला. मग एका सकाळी वणीच्या सडकेवर तो भरला ट्रक घेऊन जात असताना मागून एसटीची बस उजवीकडून पुढं निघू लागली. उकंडाच्या डोळ्याच्या कोपऱ्यात पत्रा दिसला आणि त्याच्या हातांनी स्टिअरिंग उजवीकडे ओढलं. तो ओढायला निघाला नव्हता. हात निघाले. बसच्या ड्रायव्हरनं जिवाच्या आकांतानं बस खाली शेतात घातली. खिडक्यांतून बाया, म्हातारे, टोपल्या, एक नवरी दिसत होती, सगळ्यांची तोंडं उघडी. कोणी मेलं नाही. एका म्हातारीचा दात पडला.

उकंडानं ट्रक कडेला लावला, किल्ली काढली आणि शेतात जाऊन बसच्या ड्रायव्हरसमोर उभा राहिला. ड्रायव्हरनं त्याच्या कानफटात दोन दिल्या. उकंडानं हात वर केला नाही. लोकांनी त्याला आणखी मारलं, त्यानं तेही घेतलं. मग तो तीन मैल पायी परत आला आणि किल्ली खाणीच्या हिशेबनिसाच्या टेबलावर ठेवली.

त्यानंतर तो खाणीच्या कारखान्यात मिस्त्री झाला. गिअरबॉक्स उघडायचा, दाते तपासायचा, कोणत्या सडकेला कोणतं माप बरं ते ड्रायव्हरांना समजावून सांगायचा. दुरुस्त झालेली गाडी फेरी मारून पाहायला मात्र दुसऱ्याला बसवायचा आणि स्वतः शेजारी बसून डावा कान खिडकीकडे न करता इंजिनाकडे करायचा. पंचफुलाची मुलगी सत्यशीला वणीच्या शाळेत जाई. एकदा तिनं मामाला विचारलं की तुले गाडी येते तर चालवत काहून नाई. उकंडा हात पुसत होता. त्यानं दोन्ही तळवे वर करून तिला दाखवले, ग्रीस लागलेले, आणि म्हणाला, "हे माह्यं ऐकत नाईत, बाई."

मग त्यानं पान्हा उचलला आणि ट्रकखाली गेला.